पाषाणातील मूठ आणि हातातील मूठ : रोमन तलवारींच्या अलंकृत मुठींच्या पुनर्रचनेचा विचार

व्हेनिस येथील सेंट मार्क मंदिराच्या दक्षिण बाजूस, एका कोपऱ्यात, चार पुरुषांचा शिल्पसमूह बसविलेला आहे. जांभळट तांबड्या पॉर्फिरी पाषाणात घडविलेल्या या मूर्तींची उंची सुमारे १३० सेंटिमीटर आहे. इ. स. २९३ मध्ये डायोक्लिशन याने रोमन साम्राज्याचा कारभार चौघांत वाटून दिला. त्या चार शासकांच्याच या प्रतिमा होत, असे सामान्यतः मानले जाते, आणि त्यांचा काल इ. स. ३०० च्या सुमाराचा धरला जातो. १२०४ साली चौथ्या धर्मयुद्धातील सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटले, तेव्हा हा समूह व्हेनिसला आला. एका मूर्तीच्या तुटलेल्या पायाचा अवशेष १९६० नंतरच्या दशकात इस्तंबूल येथे मिळाला आणि समूहाच्या मूळ स्थानाविषयीची शंका मिटली.

हे चार पुरुष दोघादोघांच्या जोडीने उभे आहेत. प्रत्येक जोडीतील एकाचा उजवा हात दुसऱ्याच्या खांद्यावर आहे. परंतु चौघांचेही डावे हात आपापल्या तलवारीच्या मुठीवर आहेत. सख्य आणि सावधपणा यांचे हे एकत्र दर्शन राजनीतीच्या अभ्यासकास बोलके वाटेल. शस्त्रांच्या अभ्यासकाची दृष्टी मात्र त्या मुठींवर खिळते, कारण मुठीच्या टोकाशी गरुडाचे मस्तक कोरलेले आहे. रोमन शिल्पात अशा गरुडमुखी मुठी अन्यत्रही आढळतात. गेल्या काही दशकांत अशा शिल्पांवरून प्रत्यक्ष मुठी घडविण्याचे अनेक प्रयत्न युरोप-अमेरिकेतील कारागिरांनी व अभ्यासकांनी केले आहेत. पाषाणात दिसणारी वस्तू धातूत, हाडात वा लाकडात पुन्हा उभी करताना नेमके काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. मुठीची घटना

रोमन तलवारीची मूठ तीन अवयवांची असे. पात्याच्या बाजूस आडवा ठोकळा, त्यास आपण रक्षक म्हणू. मध्ये हाताने धरावयाची पकड. आणि वरच्या टोकाशी गोळा, त्यास बोंड म्हणू. पात्याचे लोखंड मागील बाजूस निमुळते होऊन शेपटीसारखे पुढे निघते. ही शेपटी तिन्ही अवयवांतून आरपार जाते आणि बोंडाच्या माथ्यावर एका लहान घुंडीवर ठोकून पसरविली जाते. याप्रमाणे सबंध मूठ एकाच लोखंडी दांड्यावर ओवलेली असते. पहिल्या शतकातील सामान्य सैनिकाच्या तलवारीत रक्षक व बोंड बहुधा लाकडाचे आणि पकड हाडाची असे. पकडीला चार बोटांसाठी चार खाचा असत व तिचा छेद षट्कोनी किंवा अष्टकोनी असे. गुरांच्या पायाचे लांब हाड या कामी सोयीचे; मज्जेची पोकळी मुळातच असल्याने शेपटीसाठी वेगळे भोक पाडण्याचे श्रम वाचत.

लाकूड, हाड आणि हस्तिदंत हे पदार्थ जमिनीत टिकत नाहीत, हीच अभ्यासकाची पहिली अडचण होय. सुपीक, ओलसर, आम्लधर्मी मातीत लोखंडी पाते गंजूनही कसेबसे उरते, मूठ मात्र नाहीशी होते. १८४८ साली माइन्झ येथे सापडलेली आणि ‘टायबेरियसची तलवार’ या नावाने ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेली तलवार हे याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्या म्यानावरील पत्र्याची उठावदार चित्रे आजही वाचता येतात, परंतु तिला मूठ नाही. शिवाय मृत सैनिकाबरोबर शस्त्रे पुरण्याची प्रथा रोमन सैन्यात सामान्यतः नसल्यामुळे थडग्यांतूनही फारसे मिळत नाही. एखादे स्थळ अत्यंत शुष्क असेल तर अपवाद घडतो. २०२३ साली मृत समुद्राच्या पश्चिमेस एन गेदीजवळील एका गुहेत चार रोमन तलवारी मिळाल्या. त्यांच्या मुठी व म्याने बऱ्याच अंशी शाबूत होती. इ. स. १३२ ते १३५ या काळातील ज्यूंच्या बंडाशी त्यांचा संबंध असावा, असे अनुमान संशोधकांनी मांडले आहे. अशा शोधांची संख्या इतकी अल्प आहे, की अलंकृत मुठींच्या बाबतीत पाषाणाकडे वळण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

२. पाषाणाची साक्ष

साक्षीदार कोण आहे, त्याने काय पाहिले आणि तो कोणासाठी बोलत आहे, हे प्रश्न न्यायालयात विचारले जातात; तेच शिल्पालाही विचारले पाहिजेत. या दृष्टीने रोमन शिल्पांचे निदान दोन वर्ग करावे लागतात.

पहिला वर्ग सैनिकांच्या स्मृतिशिलांचा. इंग्लंडमधील कोल्चेस्टर येथे १८६८ साली सापडलेली, विसाव्या लीजनचा शतपती मार्कस फावोनियस फाकिलिस याची शिला, किंवा जर्मनीत बिंगेरब्रूक येथे मिळालेली, दाल्मेशियन पथकातील अन्नैयुस या सैनिकाची शिला, ही या वर्गाची प्रातिनिधिक उदाहरणे होत. त्या घडविणारा पाथरवट छावणीच्या परिसरात काम करी. तलवार, कट्यार, कमरपट्टा या वस्तू त्याच्या नित्य पाहण्यातील होत्या. त्याचे ग्राहक म्हणजे मृताचे सहकारी वा वारस, आणि त्यांनाही त्या वस्तूंची पुरी ओळख होती. चूक झाली असती तर ती लगेच ध्यानात आली असती. या शिलांवरील मनुष्याकृती पुष्कळदा बोजड असतात. पट्ट्याची बकले आणि मुठीचे अवयव मात्र आस्थेने कोरलेले असतात. येथे तलवार बाजूला लटकत असल्यामुळे मूठ पुष्कळदा हाताने झाकलेली नसते, हाही मोठा लाभ होय.

दुसरा वर्ग राजकीय स्मारकांचा. इ. स. ११३ मध्ये रोम येथे पुऱ्या झालेल्या ट्राजनच्या स्तंभाचे उदाहरण घ्यावे. येथे शिल्पकारांपुढे उद्दिष्ट होते ते विजयाची कथा सांगण्याचे. मनुष्याकृती झाकली जाऊ नये म्हणून सैनिकांच्या ढाली खऱ्यापेक्षा लहान दाखविल्या गेल्या. सीरियातील ड्यूरा-युरोपस येथे मिळालेली प्रत्यक्ष ढाल एक मीटरहून अधिक उंच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. अनेक आकृतींच्या हातांतील शस्त्रे पाषाणात कोरलेलीच नव्हती. ती धातूची करून भोकांत बसविली होती आणि आज तेथे केवळ भोके उरली आहेत.

पाषाणावर विसंबून केवढी चूक होऊ शकते, याचा धडा याच स्तंभाने दिला. स्तंभावरील सैनिकांच्या अंगावर आडव्या पट्ट्यांचे चिलखत आहे. ते चामड्याचे असावे, किंवा चामड्याच्या अंगरख्यावर धातूच्या पट्ट्या शिवलेल्या असाव्यात, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती, आणि चित्रकारांनी व नाट्यगृहांनी ती दृढ केली. १९६४ साली उत्तर इंग्लंडमधील कॉर्ब्रिज येथे एका लाकडी पेटीत खऱ्या चिलखतांचे भाग सापडले. चार्ल्स डॅनियल्स आणि लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे एच. रसेल रॉबिन्सन यांनी त्यांचा अभ्यास केला आणि रॉबिन्सन यांनी प्रतिकृती घडविल्या. लोखंडी पट्ट्या आतून चामड्याच्या वाद्यांनी जोडलेल्या होत्या, असे तेव्हा निश्चित झाले. शिल्पकाराने बाहेरचे रूप दाखविले होते. आतील जोडणी दाखविणे हे त्याचे कामच नव्हते. पाषाण खोटे बोलला नव्हता. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वाचकांनी त्याच्या तोंडी घातली होती.

व्हेनिसचा शिल्पसमूह उघडच दुसऱ्या वर्गात मोडतो. शिवाय त्याला पाषाणाची एक निराळी मर्यादा आहे. इजिप्तच्या पूर्व वाळवंटातील खाणींतून येणारा पॉर्फिरी संगमरवरापेक्षा पुष्कळच कठीण असतो. लोखंडी छिन्नी त्यावर सहज चालत नाही. बरेचसे काम ठेचून आणि वाळूने घासूनच करावे लागते. अशा पाषाणात बारीक पिसे कोरणे किंवा वाकडी चोच खालून मोकळी करणे अत्यंत जोखमीचे असते. म्हणून या गरुडाची चोच आखूड व जाड दिसली, तर मूळ मुठीवरही ती तशीच होती असे मानता येत नाही. त्याचप्रमाणे पृष्ठभाग गुळगुळीत आहे म्हणून मूळ मूठही बिननक्षीची होती, असेही म्हणता येत नाही. ‘दाखविलेले नाही’ आणि ‘नव्हते’ या दोन विधानांतील अंतर प्रतिकृती करणाराने सतत ध्यानात ठेवले पाहिजे. आज उघडे दिसणारे प्राचीन संगमरवर पुष्कळदा रंगविलेले असे, हेही विसरता येत नाही. १८६३ साली प्रीमा पोर्ता येथे सापडलेल्या ऑगस्टसच्या पुतळ्यावर रंगाचे अवशेष स्पष्ट होते. छिन्नीने जे सांगितले नाही ते कुंचल्याने सांगितले असण्याचा संभव अशा ठिकाणी राहतोच.

३. ग्रंथांची साक्ष आणि हस्तिदंताचा प्रश्न

मुठीचा आकार पाषाण सांगतो. ती कशाची होती, हे तो सांगत नाही. यासाठी वाङ्मयाकडे वळावे लागते. थोरला प्लिनी आपल्या ‘निसर्गेतिहासा’त चैनीच्या वाढीवर टीका करताना म्हणतो, की सैनिकांना आता हस्तिदंताचीही किंमत वाटेनाशी झाली असून त्यांच्या तलवारीच्या मुठी नक्षीदार चांदीच्या असतात. जर्मनीतील राइनगोनहाइम येथील तलवारीची चांदीच्या पत्र्याने मढविलेली मूठ पाहिली, की प्लिनीची तक्रार निव्वळ आलंकारिक नव्हती हे पटते. स्युटोनियसने ज्युलियस सीझरविषयी दिलेली माहितीही उद्‌बोधक आहे. सीझर आपल्या सैनिकांना सोन्यारुप्याने मढविलेली शस्त्रे वापरू देई. त्यात शोभेचा हेतू होताच, परंतु मोलाचे शस्त्र गमावण्याच्या भीतीने सैनिक रणात ते अधिक घट्ट धरून ठेवतील, असाही हिशेब होता. पुढे ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या उत्तरकालीन ग्रंथात सम्राट हेड्रियनच्या साधेपणाचे वर्णन येते : त्याच्या पट्ट्यावर सोने नसे, त्याच्या बकलात रत्ने नसत आणि तलवारीला हस्तिदंताची मूठही तो जेमतेमच चालवून घेई. हा ग्रंथ अनेक ठिकाणी अविश्वसनीय आहे. तथापि प्रस्तुत उल्लेखाचे मोल प्रसंगाच्या सत्यतेत नाही. हस्तिदंताची मूठ हा सम्राटाच्या बाबतीत साधेपणाचा नमुना ठरू शकत होता, एवढी गोष्ट त्यावरून लेखकाच्या वाचकांविषयी कळते.

हस्तिदंताच्या संदर्भात आपल्या प्रदेशाचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारग्रंथात भडोच बंदरातून निर्यात होणाऱ्या वस्तूंत हस्तिदंताचा समावेश आहे, आणि भडोचला माल पुरविणाऱ्या अंतर्भागातील नगरांत पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, यांची नावे आहेत. १९३८ साली पाँपेई येथे भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती तेर व भोकरदन येथे मिळाल्या आहेत. यावरून एखाद्या रोमन मुठीचे हस्तिदंत दख्खनच्या मार्गाने गेले, असे विधान करणे साहसाचे होईल, कारण आफ्रिकेतूनही हस्तिदंत रोमला पोचत असे. तरीही त्या पदार्थाच्या व्यापाराचा एक रस्ता आपल्या दारावरून जात होता, एवढे निःसंशय म्हणता येते.

४. घडविणाराच्या हातातील प्रश्न

वरील साक्षी एकत्र करून आता गरुडमुखी मूठ प्रत्यक्ष घडवावयास बसू. पहिला प्रश्न मापाचा. मूर्तीची १३० सेंटिमीटर उंची ही १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाची मानली, तर शिल्पातील प्रत्येक माप सुमारे १.३ ने गुणावे लागेल. परंतु या मूर्ती ठेंगण्या आणि मोठ्या डोक्याच्या आहेत. मस्तकाचे माप प्रमाण धरले तर गुणक निराळा येतो, मुठीत वळलेल्या पंज्याचे धरले तर आणखी निराळा. मूठ ही पंज्याशी बांधलेली वस्तू असल्यामुळे पंज्याचे प्रमाण स्वीकारणे अधिक सयुक्तिक होय. तथापि शिल्पकाराने पंजाही अर्थपूर्ण म्हणून मोठा केला असण्याचा संभव राहतो. तात्पर्य, शिल्पातून एक निश्चित आकडा मिळत नाही, मापांची एक मर्यादा मिळते. आणि प्रतिकृतीच्या टिपणात ती मर्यादाच नोंदविली पाहिजे.

दुसरा प्रश्न पकडीचा. चारही शासकांनी मूठ हातात धरलेली असल्यामुळे बोटांखालचा भाग शिल्पात नाहीच. ज्या भागाने तलवार तलवार म्हणून वापरता येते, तोच भाग या समूहातील अलंकृत मुठींनी नेमका झाकून ठेवला आहे. येथे पहिल्या शतकातील खाचांची पकड आणून बसविण्याचा मोह होतो. पण मधे दोनअडीचशे वर्षांचे अंतर आहे. अशी पकड बसविणे गैर नाही. ती गरुडाबरोबर शिल्पातूनच आली असे भासविणे गैर होय.

तिसरा प्रश्न पदार्थाचा, आणि तो केवळ हातांनीच सुटू शकतो. पकडीसाठी सोयीचे असणारे गुरांचे हाड गरुडाच्या मस्तकासाठी निरुपयोगी ठरते. हाडाची भिंत पातळ, मधे पोकळी. त्यातून चोच, कपाळ आणि मान यांचा भरीव गोळा निघत नाही. म्हणजे मस्तक हाडाचे असेल तर ते तुकडे जोडून केलेले असणार, नाहीतर ते हस्तिदंताचे, लाकडाचे अथवा धातूचे असणार. हस्तिदंत घेतले तर चोचीच्या दिशेकडे पाहावे लागते. तंतूंना आडवी गेलेली पातळ चोच पहिल्या आघातातच तुटेल. पात्याची शेपटी मस्तकातून जाऊन गरुडाच्या माथ्यावर ठोकावयाची, तर ठोकताना मस्तक तडकू नये म्हणून तेथे धातूची घुंडी हवी. ज्याने हे काम एकदा केले आहे, तो शिल्पाकडे परत जातो तेव्हा गरुडाच्या माथ्यावर तशा घुंडीची खूण आहे काय, हे शोधू लागतो. यापूर्वी हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नसता. पुनर्रचनेचे खरे शास्त्रीय फळ हेच होय.

धातूच्या पर्यायाची परीक्षा साध्या गणिताने करता येते. मस्तकाचे घनफळ ५० घन सेंटिमीटर धरू. लाकडाचे ते सुमारे ३५ ग्रॅम भरेल, हस्तिदंताचे सुमारे ९५ आणि भरीव कांस्याचे सुमारे ४४० ग्रॅम. बोंड वगळून तलवारीचे वजन ७०० ग्रॅम असून तिचा गुरुत्वमध्य रक्षकापुढे २४ सेंटिमीटरांवर आहे आणि बोंड रक्षकामागे १२ सेंटिमीटरांवर आहे, असे समजू. मग लाकडी बोंडाने गुरुत्वमध्य सुमारे २२ सेंटिमीटरांवर येतो, हस्तिदंताने २० च्या आसपास, भरीव कांस्याने मात्र एकदम १० सेंटिमीटरांवर. पहिल्या दोन तलवारी एकमेकींच्या भगिनी आहेत. तिसरी हातात अगदी निराळी वागेल आणि तिच्या घावाचा जोर निराळा असेल. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. परंतु बाजारात मिळणाऱ्या, भरीव पितळी गरुडाच्या मुठींवरून रोमन तलवारीच्या वापराविषयी निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, ते यावरून दिसेल. मधूच्छिष्टविधानाने पोकळ ओतलेले मस्तक किंवा लाकडावर मढविलेला चांदीचा पत्रा हे पर्याय वजनाच्या दृष्टीने अधिक संभवनीय वाटतात. आणि पत्र्याच्या पर्यायाला राइनगोनहाइमच्या मुठीचा व प्लिनीच्या उद्‌गारांचा आधार आहे.

हस्तिदंताचा पर्याय प्रत्यक्षात पडताळणे मात्र आज उचित नाही. १९८९ च्या निर्णयानुसार आफ्रिकी हस्तिदंताच्याही आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि भारतातही हा व्यापार निषिद्ध आहे. त्याऐवजी वापरलेला पदार्थ रंगाने सारखा दिसला तरी तंतुरचनेने सारखा नसतो. म्हणून तो कानशीखाली कसा वागला, यावरून प्राचीन कारागिराच्या श्रमाचे मोजमाप करता येत नाही.

५. प्रतिकृतीची प्रामाणिकता

पूर्ण झालेल्या प्रतिकृतीत एक विलक्षण सामर्थ्य असते. तिच्यात तर्क आणि पुरावा यांचे सांधे दिसत नाहीत. सारे काही सारखेच चकाकते. मग तिचे छायाचित्र एखाद्या पुस्तकात जाते, पुस्तकावरून दुसरा कारागीर दुसरी मूठ घडवितो, आणि काही वर्षांनी ‘अशा मुठी सर्वत्र आढळतात’ असे वाक्य तयार होते. चामड्याच्या चिलखताचा भ्रम याच मार्गाने टिकून राहिला होता. शिल्पावरून प्रतिकृती आणि प्रतिकृतीवरून शिल्पाचा अर्थ, असा फेरा एकदा सुरू झाला की बाहेर पडण्याची वाट केवळ उत्खननच देऊ शकते. आणि मुठींच्या बाबतीत उत्खननाची कृपा किती दुर्मिळ आहे, ते आपण पाहिले.

यावर एक उपाय चित्रसंवर्धनाच्या क्षेत्रात रोममध्येच योजला गेला आहे. १९३९ साली स्थापन झालेल्या तेथील मध्यवर्ती संवर्धनसंस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या मार्गदर्शनाखाली एक पद्धती विकसित झाली. जुन्या चित्रातील नष्ट भाग बारीक उभ्या रेषांनी भरावयाचा. दुरून चित्र अखंड दिसावे, परंतु जवळ जाताच भरलेला भाग कोणता हे स्पष्ट कळावे. तलवारीच्या मुठीवर रेषा ओढण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक प्रतिकृतीबरोबर तीन रकान्यांचे टिपण असावे, एवढे पुरे आहे. पहिल्या रकान्यात शिल्पात प्रत्यक्ष दिसणारे अवयव, दुसऱ्यात अन्य प्राप्त वस्तूंवरून वा ग्रंथांवरून घेतलेले, आणि तिसऱ्यात केवळ घडणीच्या गरजेतून वा कल्पनेतून आलेले. व्हेनिसच्या मुठीसाठी असे टिपण केल्यास पहिल्या रकान्यात गरुडाच्या मस्तकाचे ठोकळ रूप आणि हाताबाहेर दिसणारा भाग यांपलीकडे फारसे काही येणार नाही. पकड, पदार्थ, जोडणी आणि वजन ही सर्व दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यांत जातील. हे पाहून उत्साही कारागिराची निराशा होईल कदाचित. परंतु तिसरा रकाना लांब असणे हा दोष नव्हे. तो लपविणे हा दोष होय.

महाराष्ट्रातील वीरगळांवर आणि लेण्यांतील शिल्पांत शेकडो शस्त्रे कोरलेली आहेत, आणि त्यांच्या प्रतिकृती करण्याची हौस आपल्याकडेही वाढत आहे. त्या प्रयत्नांनाही हीच कसोटी लागू पडेल. पाषाणातील मूठ आपल्याला आमंत्रण देते. ती आपल्या हातात येईपर्यंत तिचा बराचसा भाग आपला झालेला असतो. किती भाग आपला झाला, हे सांगता येणे हेच अभ्यासकाचे कर्तव्य आहे.